मिठाची नोंद

१२ एप्रिल, रविवार

ही वही तुरुंगातल्या शाळेच्या बाईंनी दिली. शंभर पानं, रेघांची. त्या म्हणाल्या, मन मोकळं कर. मला ती सवय नाही. मी शीतगृहाची तंत्रज्ञ, नोंदवही ठेवणं एवढंच मला येतं. म्हणून ठरवलं आहे, पाहिलं आणि मोजलं तेवढंच इथे लिहायचं.

खोली क्रमांक चार. लांबी सहा पावलं, रुंदी चार. सिमेंटचे पलंग सहा, बायका नऊ. उरलेल्या तिघी जमिनीवर झोपतात. त्या जागेला इथे 'समुद्रकिनारा' म्हणतात. मी किनाऱ्यावर, संडासाच्या बाजूला. आज एकविसावा दिवस.

आज भेटीचा वार होता. चारशे बायकांना भेटायला एकेचाळीस माणसं आली. आमच्याच खोलीतली किटेरिया म्हणते, नवरे आत असले की फाटकाबाहेर बायकांची रांग लागते, आणि बायको आत आली की नवऱ्याला पत्ताच सापडत नाही. तिचा नवरा चार वर्षं पत्ता शोधतो आहे. ती हे सांगून स्वतःच हसते.

माझ्याकडे कोणी आलं नाही. कोणी येईल असं मी धरलंही नव्हतं.

१५ एप्रिल

जेवणाचे डबे साडेदहाला येतात. एका बाजूला भाताचा गोळा, दुसऱ्या बाजूला काळा घेवडा. कंत्राटदार आंबूसपणा झाकायला त्यात मीठ ओततो. तसंच्या तसं इथे कोणी खात नाही. नऊ डब्यांतला घेवडा एका बादलीत काढतात आणि तीन पाण्यांनी धुतात. कंत्राटदाराचं मीठ, मसाला, वास, सगळं मोरीत जातं. मग डोना ओदिलिया त्याला पुन्हा फोडणी देते. लसूण, कांदा आणि तेल 'जम्बो'तून येतं, म्हणजे ज्यांना घरून पिशवी येते त्यांच्या पिशवीतून. शेगडी म्हणजे खाच पाडलेली वीट आणि त्यात गरम पाण्याच्या शॉवरमधली जुनी तार. तिला 'बेडकी' म्हणतात. पहारेकरीण बघत नाही. तिलाही एक वाटी जाते.

डोना ओदिलियाचं वय सदुसष्ट. महामार्गावर ट्रकवाल्यांना तिने तीस वर्षं जेवू घातलं. जावयाने ठेवायला दिलेली पिशवी पलंगाखाली ठेवली, म्हणून इथे आली. दोन्ही खुबे गेलेले आहेत. बसली की उठवावं लागतं.

मार्लूसिया या खोलीची मुख्य. ती आवाज चढवत नाही. तिचा नियम असा की जिच्या हातात फोडणी, तिला खालचा पलंग, भिंतीकडचा. फोडणी गेली की पलंग गेला.

२९ एप्रिल

बेडकी चार दिवसांत तीनदा जळली. मी पाहिली. तार लांबीला कमी होती म्हणून जास्त तापत होती. लांबी वाढवली, वेटोळ्यांतलं अंतर सारखं केलं. आता वीट एकसारखी तापते.

मार्लूसियाने विचारलं, किती टिकेल. मी म्हणाले, नऊ आठवडे, कमीजास्त एक. किटेरिया म्हणाली, "घ्या. आपल्याकडे थर्मामीटर आलाय."

तेच नाव पडलं. मला वरचा पलंग मिळाला. कामही मिळालं: शेगडीजवळ बसायचं, तारेवर लक्ष ठेवायचं. मी बुडबुड्यांचा आकार बघून तापमान सांगते, साठ, ऐंशी, शंभर. बायकांना त्याची मजा वाटते. डोना ओदिलिया म्हणते की तीस वर्षं तिने आकड्यांशिवाय घेवडा उकळला आणि तो कधी तक्रार घेऊन आला नाही.

८ मे

शेगडीजवळ बसल्यामुळे एक गोष्ट मोजता आली. नऊ डब्यांना मीठ: ३० एप्रिलला दोन चमचे. ३ मेला अडीच. ६ मेला तीन. आज साडेतीन. घेवडा तेवढाच, पाणी तेवढंच.

शक्यता: एक, मीठ बदललं असेल आणि नवं कमी खारट असेल. दोन, चमचा बदलला. तीन, डोना ओदिलिया माझी परीक्षा घेते आहे. मीठ मी चाखलं, तेच आहे. चमचाही तोच.

किटेरियाने तोंड वाकडं केलं, मार्लूसियाने तिच्याकडे पाहिलं, आणि तिने तोंड सरळ केलं. मार्लूसिया स्वतः पूर्ण वाटी खाते. नंतर दिवसभरात चार बाटल्या पाणी पिते. तिला मधुमेह असावा.

२० मे

कारण कळलं.

आज कोणाच्या तरी जम्बोत सडका कांदा आला. पिशवी उघडताच आठ जणींनी नाकं धरली, किटेरिया तर गजांपाशी जाऊन उभी राहिली. डोना ओदिलियाने तो कांदा हातात घेतला, सोलला आणि पातळ चिरायला लागली. चेहरा जसाच्या तसा. मी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि मोठ्याने म्हणाले की शेगडीच्या धुराने हिचं नाक चोंदलं आहे.

दुपारी अंगणात तिला कट्ट्यावर बसवलं आणि सरळ विचारलं, वास कधीपासून येत नाही. ती चपलेकडे बघत होती.

"मार्चमध्ये खोल्यांच्या सगळ्या ओळीला ताप आला होता ना," ती म्हणाली. "माझा ताप गेला आणि जाताना नाक-जीभ घेऊन गेला. आता मी कानांनी रांधते, पोरी. लसूण तडतडला की कळतं. कांदा गप्प झाला की कळतं. मीठ तेवढं आवाज करत नाही."

तिने मला कोणाला सांगू नकोस असं म्हटलं नाही. एवढंच म्हणाली की जूनमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, सिमेंटवर दव धरतं, आणि मागच्या हिवाळ्यात पाच नंबरमधली एक म्हातारी किनाऱ्यावर झोपून तीन आठवड्यांत गेली.

मी विचार केला. हा सुटण्यासारखा प्रश्न आहे. तिच्याकडे हात आहे, माझ्याकडे जीभ. जोडणी करायची.

२१ मे

पद्धत अशी. मी तापमान सांगते हे सगळ्यांना माहीत आहेच. मी तार बघताना चमचाभर चाखते. "ऐंशी" म्हटलं की अजून एक चमचा मीठ. "शंभर" म्हटलं की पुरे. खरं तापमान मी यापुढे सांगणार नाही.

आज दोनदा ऐंशी, मग शंभर. घेवडा बरोबर झाला. मार्लूसिया एकच बाटली पाणी प्यायली. मधुमेहाचा अंदाज चुकला असावा.

३१ मे, रविवार

भेटीचा वार. कोणी नाही.

एक निरीक्षण: वाढप डोना ओदिलिया करते. एकाच चमच्याने, नऊ वाट्या. माझी वाटी कायम काठोकाठ असते, तिची स्वतःची अर्ध्याच्या जरा वर. नऊ दिवस पाहिलं. वाढपात चूक होते आहे. मी तिला दाखवून दिलं. ती म्हणाली, "माझ्या डोळ्यांनाही आता अंदाज राहिला नाही." डोळे तर तिचे चांगले आहेत, सुईत दोरा ती एका फटक्यात ओवते.

७ जून, रविवार

डोना ओदिलियाने आज विचारलं, मी काय केलं. इथे हे विचारत नाहीत. पण तिने विचारलं आणि मी सांगितलं. मग इथेही लिहायला हवं.

मांसाच्या शीतगृहाची नोंदवही माझ्याकडे होती. दर चार तासांनी आत जाऊन तापमान बघायचं आणि लिहायचं. उणे अठरा. दोन वर्षं उणे अठराच येत होतं. शेवटी शेवटी मी आत न जाता लिहायला लागले. एका शनिवारी यंत्र बंद पडलं आणि रविवारी संध्याकाळपर्यंत बंदच होतं. त्या दोन्ही दिवसांची नोंद उणे अठरा आहे. अक्षर माझं, सुवाच्य. ते मांस बाजारात गेलं. एक माणूस मेला.

पहिल्यांदा पकडलं ते आन्सेल्मोला. वय एकसष्ट, शीतगृहाचं दार उघडायचा आणि लावायचा. पोलीस म्हणाले, त्यानेच दार उघडं टाकलं असणार. मी अकरा दिवस गप्प राहिले. मग नोंदी तपासल्या गेल्या. मी स्वतःहून गेले नाही. त्यांनी मला शोधून काढलं.

"त्याला पत्र लिहिलंस?" डोना ओदिलियाने विचारलं.

मी म्हणाले, त्याला काय लिहिणार, सगळं निकालपत्रात आहे. ती म्हणाली, निकालपत्र त्याला न्यायाधीशाने लिहिलं.

१९ जून

साओ जोआओ या संताचा सण बुधवारी. डब्यांची चकाकती झाकणं कापून पताका चालल्या आहेत. मार्लूसियाने ठरवलं, तीन आणि पाच नंबरच्या खोल्यांनीही त्यांचे डबे आमच्याकडे द्यायचे. सत्तावीस डब्यांची एक फोडणी. किटेरियाच्या आईने पिन्यांवच्या, म्हणजे इथल्या पाइन झाडाच्या, बिया पाठवल्या आहेत, त्या उकडून घालायच्या. डोना ओदिलिया दोन दिवस फक्त यावरच बोलते आहे. मार्लूसियानेही बाहेरच्या खोल्यांना शब्द दिला आहे, आणि तिचा शब्द म्हणजे काय ते इथे सगळ्यांना माहीत आहे.

हिशोब करून ठेवला: नऊ डब्यांना दोन चमचे, सत्तावीस डब्यांना सहा.

२४ जून, बुधवार

सकाळी सहापासून पाणी नाही. पंप बिघडला म्हणाले. बादलीत फक्त पिण्याचं होतं. घेवडा धुता आला नाही, तसाच तीन पातेल्यांत ओतला.

एवढ्या वजनाने वीट दोनदा तडकली. दुसऱ्यांदा तार निसटली. मी दोन्ही हातांनी लाकडाच्या फळीने ती दाबून बसले होते. डोना ओदिलिया खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "आज धुतलेला नाही गं. चाखून सांग."

मी ऐकलं. ते मी नीट ऐकलं, हे इथे लिहिते आहे. हात मोकळे नव्हते, पण तोंड मोकळं होतं. चमचा तिने पुढे केला होता. माझ्या डोक्यात सहा हा आकडा तयार होता. मी सहा वेळा "ऐंशी" म्हणाले, मग "शंभर". एकदाही चाखलं नाही.

एका वाजता सत्तावीस वाट्या वाढल्या. पहिला घास पाच नंबरच्या मुख्य बाईने घेतला आणि जमिनीवर थुंकला. मग सगळ्यांनी. वाट्या खाली ठेवल्याचे आवाज आले. पिण्याचं पाणी बेताचं, चूळ भरायलाही मिळालं नाही. तीन नंबरमधली एक म्हणाली, असा घेवडा त्यांना कंत्राटदाराकडूनही मिळाला असता, त्यासाठी चार नंबरला यायची गरज नव्हती.

मार्लूसियाने वाटी हातातच धरली होती. "मीठ कोणाच्या हातचं?"

डोना ओदिलिया भिंतीला हात लावून उठायचा प्रयत्न करत होती. तिला उठायला साधारण दहा सेकंद लागतात. मी चौथ्या सेकंदाला म्हणाले, "माझ्या."

"किती टाकलंस?"

"सहा चमचे."

"चाखलंस?"

"नाही."

मार्लूसिया माझ्याकडे बघत होती. मग तिने डोना ओदिलियाकडे बघितलं. बराच वेळ. "बस, डोना ओदिलिया," ती म्हणाली. "कशाला उठतेस. पोरगी सांगतेय ना."

शिक्षा: एक महिना किनारा, संडासाच्या बाजूला, शेगडीला हात लावायचा नाही. पहारेकरणीकडे कोणी गेलं नाही. तीन आणि पाच नंबरला आमच्या जम्बोतली सगळी साखर आणि कॉफी गेली. पिन्यांवच्या बिया पाण्याच्या घोटात धुऊन सगळ्यांनी वाटून खाल्ल्या. त्या चांगल्या लागत होत्या.

हात तिचा होता, माझा नव्हता, तेवढं माझं उत्तर खोटं. बाकीचं खरं.

२५ जून

एक त्रुटी लक्षात आली. मी डोना ओदिलियाचा पलंग वाचवला, पण तिची जीभ काढून घेतली. महिनाभर मी शेगडीजवळ बसू शकत नाही. ती एकटी मीठ कसं घालणार? उद्या किंवा परवा सगळ्यांना कळेल. कालची शिक्षा फुकट जाईल.

आज डबे आलेच नाहीत, पंपामुळे पाव मिळाले. एक दिवस मिळाला.

२६ जून

मी संडासाजवळून बघत होते. डोना ओदिलियाने घेवडा तीन पाण्यांनी धुतला, लसूण परतला, कान खाली नेऊन ऐकला. सगळं नेहमीसारखं. मीठ घातलंच नाही. वाढून झाल्यावर एका झाकणात मीठ घेतलं आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवलं.

"परवापासून मला मिठाची भीती बसली आहे," ती म्हणाली. "माझ्या आईच्या घरी असंच होतं. ज्याची जीभ त्याने बघावी."

किटेरिया म्हणाली, आता जीभही आपलीच आणायची का, बघा ही खानावळ. सगळ्या हसल्या. मार्लूसियाने चिमूट घेतली, झाकण पुढे सरकवलं.

म्हणजे माझ्या पद्धतीशिवायही तिचं भागलं असतं. महिनाभर मी ऐंशी-शंभर करत होते आणि हे तिला सुचलं नव्हतं, की सुचलं होतं? विचारलं नाही.

६ जुलै

पहाटे गवतावर गोठलेलं दव होतं. तीन अंश असावेत. उठले तेव्हा माझ्या अंगावर दोन पांघरुणं होती. मला एकच दिलेलं आहे. दुसरं तपकिरी, कडेला लाल दोरा शिवलेलं. आमच्यात लाल दोरा फक्त डोना ओदिलियाकडे आहे. सकाळी तिला परत दिलं. ती म्हणाली, तिला हल्ली उकडतं.

सदुसष्टाव्या वर्षी, तीन अंशांना.

१४ जुलै

पत्र लिहायला घेतलं. तारीख लिहिली. 'श्री. आन्सेल्मो' लिहिलं. पुढे दोन ओळी लिहून खोडल्या, कारण त्या निकालपत्रासारख्या वाटल्या. डोना ओदिलियाने कागद बघितला. तिला वाचता येत नाही. म्हणाली, एवढंसंच? मी म्हणाले, सुरुवात आहे.

२४ जुलै

शिक्षा संपली. सकाळी मार्लूसियाने मला बोलावलं. मला वाटलं, पलंगाबद्दल असेल.

ती म्हणाली, "झाकणातलं मीठ पुरे झालं. घेवडा मिठात शिजायला हवा, वरून खडे खाऊन कंटाळा आला. डोना ओदिलियाला आता वाकवत नाही. आजपासून फोडणी तुझी."

मी नियम विचारला. फोडणी गेली की पलंग गेला.

"नियम माझा आहे ना?" ती म्हणाली. "रांधणार तू. चाखून 'बरोबर' म्हणणार ती. चाखणारीचं काम मोठं, म्हणून खालचा पलंग तिचाच. तुझा वरचा. आणि ती बरोबर म्हणाल्याशिवाय एक वाटीही वाढायची नाही. कळलं, थर्मामीटर?"

मी होकार दिला. सगळ्या खोलीतून नेमक्या हिलाच चाखायला बसवलं. मार्लूसियाला काहीच कळलेलं नाही, हे एक बरं झालं.

२६ जुलै, रविवार

भेटीचा वार. कोणी नाही. पत्र शुक्रवारी गेलं, पाऊण पान. उत्तर येईल असं मी धरलेलं नाही.

माझी तिसरी फोडणी. पहिले दोन दिवस मी आधी मीठ घालून, चाखून, मगच डोना ओदिलियापुढे चमचा नेला होता. आज लसूण करपू नये म्हणून तिच्यासारखं कान खाली नेऊन ऐकत होते. तो तडतडायचा थांबला तेव्हा घेवडा ओतला. एवढं ऐकताना क्रम चुकला.

सगळ्या वाट्या घेऊन बसल्या होत्या. मी चमचा भरून तिच्याकडे नेला. तिने फुंकर घातली, तोंडात घेतला, डोळे मिटले. ट्रकवाल्यांसमोर ती असंच करत असणार. किटेरिया म्हणाली, बोल गं बाई, न्यायाधीशालाही एवढा वेळ लागला नव्हता.

डोना ओदिलियाने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"मीठ बरोबर आहे," ती म्हणाली.

मीठ मी अजून घातलंच नव्हतं.

मी मागे वळले, पातेल्यावर ओणवी झाले आणि दोन चमचे घातले. चाखलं. अर्धा अजून. मार्लूसिया नेमकी त्याच वेळी खिडकीबाहेर काहीतरी बघत होती. मग वाढलं. पहिली वाटी डोना ओदिलियाला, काठोकाठ.

आजची नोंद: डबे नऊ. पाणी तीन वेळा. मीठ, चाखणारीच्या म्हणण्याप्रमाणे, पहिल्याच खेपेला बरोबर.